भिंत बांधायची की बाईंचा पगार द्यायचा?

पत्राचा सारांश: इंग्लंडमधल्या एका लहान शहरात राहणाऱ्या वाचक भगिनीचं हे पत्र आहे. शेजारपाजारच्या चौदा जणांचा त्यांचा गट चार वर्षांपासून पश्चिम केनियातल्या एका मोफत प्राथमिक शाळेसाठी पैसे जमवतो. शाळा सरकारी नाही. वस्तीतल्या लोकांनी ती सुरू केली, तिथे २१० मुलं शिकतात आणि फी घेतली जात नाही. सात शिक्षकांपैकी तिघींचा पगार, प्रत्येकी महिना १५,००० केनियन शिलिंग, हा गट पाठवतो. पैसे मुख्याध्यापिकांच्या मोबाईलवर जातात. यंदा गटाच्या स्नेहभोजनाला माणसं कमी आली आणि पगाराचे दोन हप्ते उशिरा गेले. गटातल्या काहींचं म्हणणं, 'पगारासाठी कोण पैसे देतं? एक वर्गखोली बांधू, म्हणजे लोकांना काहीतरी दिसेल.' एकाने गॅरेजमध्ये जुनी पुस्तकं आणि कपड्यांची चाळीस खोकी साठवली आहेत. दोघांना ऑगस्टमध्ये तिथे जाऊन शाळेच्या भिंती रंगवायच्या आहेत. 'मुख्याध्यापिका मात्र प्रत्येक पत्रात पगाराचंच विचारतात. आम्ही सगळे थकलोय. मोठा कार्यक्रम करावा, वर्गखोली हाती घ्यावी, की थांबावं?'

नमस्कार,

मुख्याध्यापिका प्रत्येक पत्रात पगाराचंच विचारतात, हे तुम्ही थोड्या वैतागाने लिहिलंय. मला मात्र तुमच्या सगळ्या पत्रात तेच वाक्य सर्वात महत्त्वाचं वाटलं. शाळा रोज चालवणारी बाई चार वर्षं एकच गोष्ट मागतेय आणि तुमचा गट तिला दुसरं काय देता येईल याचा विचार करतोय. आधी तिच्या मागणीकडे नीट बघू.

केनियाने २००३ साली सरकारी प्राथमिक शाळांतली फी बंद केली. एका वर्षात पटावरची मुलं साधारण ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेली. सरकारी शाळेला दर मुलामागे अनुदान मिळतं आणि शिक्षकांचा पगार सरकारी शिक्षक आयोग देतो. पण वस्त्यांमध्ये लोकांनी उभ्या केलेल्या शाळा बहुतेक या व्यवस्थेच्या बाहेर राहतात. तुमची शाळा त्यातलीच. फी घ्यायची नाही आणि सरकारकडून शिक्षक मिळत नाही, म्हटल्यावर पगार हाच तिचा मुख्य खर्च आणि तीच तिची रोजची चिंता. छताचे पत्रे गळत असले तरी बाई असल्या तर वर्ग भरतो. बाई दुसरीकडे कामाला गेल्या तर नव्या खोलीला कुलूप लागतं.

'पगारासाठी लोक पैसे देत नाहीत' हे तुमच्या गटाने धरून चाललंय. कुणाला विचारून पाहिलंय का? बहुतेक गट 'पगार निधी' असा कोरडा शब्द वापरतात आणि मग लोक देत नाहीत म्हणतात. पौंडाला साधारण १७० शिलिंग धरले तर १५,००० शिलिंग म्हणजे ८८ पौंड. नऊ जणांनी दरमहा १० पौंड दिले की तिसरीच्या वर्गाला वर्षभर शिक्षिका मिळते. एवढं सांगा आणि कोणता वर्ग, किती मुलं, बाई काय शिकवतात हे दोन ओळींत लिहा. वर्गखोलीवर लावलेल्या दगडी पाटीपेक्षा हे लोकांना जास्त जवळचं वाटतं.

आता तुमचा हिशोब. तो जोडलात हे फार बरं केलंत, कारण दुखणं नेमकं कुठे आहे ते त्यात दिसतं. स्नेहभोजनाला ७० माणसं, २५ पौंड तिकीट, म्हणजे १,७५०. रॅफलचे (बक्षिसांच्या सोडतीच्या तिकिटांचे) ४८०, लिलावाचे ४२०. एकूण २,६५०. खर्च: हॉल ३८०, जेवण ९८०, ध्वनियंत्रणा २००, छपाई आणि किरकोळ १४०. हाती उरले ९५० पौंड, आणि त्यासाठी अकरा जण दीड महिना राबले. जूनच्या पायी फेरीत (चालणाऱ्याच्या नावाने ओळखीचे लोक, म्हणजे पुरस्कर्ते, पैसे देतात ती) १,९६० जमले आणि खर्च फक्त ६० झाला. इतर लहानसहान विक्रीतून ४५०. सगळे मिळून वर्षाला हाती उरले ३,३०० पौंड.

तिघींचा वर्षाचा पगार ५,४०,००० शिलिंग, म्हणजे साधारण ३,२०० पौंड. वर्षभराचा मेळ लागत होता! हप्ते चुकले ते एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, म्हणजे फेरीच्या आधी आणि भोजनाच्या आधी. पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि तुमचे पैसे वर्षातून दोनदा येतात. मोठा कार्यक्रम केल्याने हे सुटणार नाही. हॉलचा आगाऊ खर्च वाढेल, पाऊस पडला किंवा त्याच संध्याकाळी फुटबॉलचा सामना आला तर खड्डा आणखी मोठा होईल.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, गटाची सगळी शक्ती या वर्षी बँकेच्या स्टँडिंग ऑर्डरमागे, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम खात्यातून आपोआप जाण्याच्या सोयीमागे, लावा. तीस माणसं, दरमहा १० पौंड, वर्षाला ३,६०० पौंड. ही तीस माणसं तुम्हाला नव्याने शोधायची नाहीत. चौदा तुम्हीच आहात. उरलेली सोळा भोजनाला आलेल्या सत्तरांत आणि फेरीच्या पुरस्कर्त्यांत आहेत. ईमेलने विचारू नका. फेरी संपल्यावर, चहा पिताना, समोरासमोर विचारा, आणि हातात एकच पान द्या, ज्यावर वरच्या भागात स्टँडिंग ऑर्डरचा तपशील आणि खालच्या भागात गिफ्ट एड या करसवलतीची घोषणा असेल (तिच्याबद्दल पुढे सांगते). नंतर पाठवतो म्हणणाऱ्यांपैकी फार थोडे पाठवतात, त्यामुळे पेन बरोबर ठेवा. कुणाला १० जड वाटले तर ५ घ्या. वर्षाने एकदा रक्कम वाढवता येईल का असं विचारायलाही हरकत नाही.

गिफ्ट एडचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणजे बहुधा तुम्ही तो घेत नाही. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्या माणसाने स्वतःच्या पैशातून दिलेल्या प्रत्येक पौंडावर नोंद झालेल्या संस्थेला सरकारकडून २५ पेन्स मिळतात. तीसपैकी चोवीस जण करदाते असले तर त्यांच्या २,८८० पौंडांवर ७२० पौंड मिळतील. ते तुमच्या भोजनाच्या नफ्याच्या तीन-चतुर्थांश आहेत आणि त्यासाठी कुणाला कांदे चिरावे लागत नाहीत. देणगीदाराने त्या वर्षी निदान तेवढा कर भरलेला असायला हवा, हे घोषणेत स्पष्ट लिहावं लागतं. निवृत्त मंडळींना हे समजावून सांगा, कारण कर न भरता सही केली तर फरक त्यांच्याकडून वसूल होऊ शकतो.

इथे तीन चुका हमखास होतात. भोजनाच्या तिकिटावर गिफ्ट एड मागितला जातो. तो मिळत नाही, कारण पैशाच्या बदल्यात जेवण मिळालं. रॅफलच्या तिकिटावरही मिळत नाही. आणि पायी फेरीच्या पुरस्कार-पत्रकावर 'पलीकडच्या काकू, ५ पौंड' असं लिहिलेलं असतं. पुरस्कर्त्याचं पूर्ण नाव, घरचा पत्ता आणि पोस्टकोड, रक्कम, तारीख आणि गिफ्ट एडची खूण एवढं नसेल तर ती ओळ वाया गेली. डब्यात पडणाऱ्या सुट्ट्या पैशांसाठी वेगळी सोय आहे: ३० पौंडांपर्यंतच्या रोख किंवा कार्ड टेकवून दिलेल्या देणग्यांवर घोषणेशिवायही तेवढीच रक्कम मिळते, वर्षाला ८,००० पौंडांच्या देणग्यांपर्यंत. मात्र त्याच वर्षी तुम्ही नेहमीचा गिफ्ट एडही मागितलेला हवा आणि छोट्या देणग्यांची रक्कम त्या गिफ्ट एडच्या देणग्यांच्या दहापटीपेक्षा जास्त नको.

हे सगळं मिळण्यासाठी गटाला कायदेशीर रूप हवं, आणि तुमच्या बाबतीत ते आता ऐच्छिक राहिलेलं नाही असं मला दिसतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये धर्मादाय संस्थेचं वर्षाचं उत्पन्न ५,००० पौंडांवर गेलं की चॅरिटी कमिशनकडे, म्हणजे अशा संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, नोंदणी करावी लागते. ही मोजणी खर्च वजा करण्याआधीची असते. तुम्ही हाती उरलेले ३,३०० पाहत होतात. जमा झालेले पैसे २,६५०, १,९६० आणि ४५० मिळून ५,०६० होतात. घाबरण्याचं कारण नाही, पण पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घ्या.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. स्वतःची संस्था नोंदवायची: घटना लिहायची, निदान तीन विश्वस्त नेमायचे, दोन सह्यांचं बँक खातं उघडायचं, दरवर्षी हिशोब सादर करायचा. छोट्या गटाचं खातं उघडायला बँका कधीकधी महिने लावतात, हे धरून चला. दुसरी वाट म्हणजे केनियात आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेखाली तुमच्या शाळेसाठी राखीव निधी ठेवायचा. कागदपत्रं ती संस्था बघते, गिफ्ट एडही तीच मागते आणि त्याबद्दल काही टक्के घेते. किती टक्के, पैसे किती दिवसांत पुढे जातात आणि उद्या तुम्ही वेगळे झालात तर शिल्लक कुणाची, हे लेखी घ्या. चौदा थकलेल्या माणसांसाठी मला दुसरी वाट बरी वाटते. वर्षभर त्या वाटेने चालून बघा. तुमच्यात हिशोबाची आवड असलेलं कुणी असेल तर मग स्वतःची संस्था काढा.

पैसे मुख्याध्यापिकांच्या मोबाईलवर जातात, यावर तुम्ही 'त्या अतिशय प्रामाणिक आहेत' असं लिहिलंय. तसंच असेल. पण त्या आजारी पडल्या, नंबर बदलला किंवा गावात कुणी कुजबुज सुरू केली, तर त्यांच्या हातात स्वतःच्या बचावासाठी काय आहे? परदेशी पैसा एकाच माणसाच्या फोनवर येतो हे वस्तीत लपत नाही. शाळेच्या नावाचं खातं हवं, सह्या दोन हव्यात आणि त्यातली एक पालक-समितीची. शिवाय ब्रिटनचं करखातं अशी अपेक्षा ठेवतं की परदेशी दिलेला पैसा धर्मादाय कामालाच लागेल याची संस्थेने वाजवी खातरजमा केलेली असावी. ती केली नाही तर करसवलत अडचणीत येते. खातरजमा म्हणजे तरी काय? शाळेशी एक पानी करार, दरमहा पगारपत्रकाचा फोटो (नाव, हजेरीचे दिवस, रक्कम, सही), आणि सहामाहीला बँकेचा उतारा. मुख्याध्यापिकांना हे लिहिताना 'आमच्या नियमामुळे हवं' असं लिहा, कारण ते खरंच आहे, आणि त्यांच्यावर संशय घेतल्यासारखंही होत नाही.

त्यांना आणखी एक विचारा: १५,००० शिलिंग हे शिक्षिकेच्या हातात पडणारे की कापायच्या आधीचे? केनियात शिक्षिकेच्या पगारातून निवृत्ती निधी, आरोग्य विमा आणि घरबांधणी कर कापला जातो. शिवाय नेमणाऱ्यालाही आपल्या बाजूने निवृत्ती निधीत ६ टक्के आणि घरबांधणी कराचे दीड टक्का भरावे लागतात. बाहेरून मदत करणारे गट हा वाटा धरतच नाहीत. मग शाळा तो भरत नाही, थकबाकी साचते आणि एक दिवस दंडासह समोर येते. तो धरला तर एका शिक्षिकेचा महिन्याचा खर्च १५,००० ऐवजी साधारण १६,१२५ होतो आणि तिघींचा वर्षाचा ५,८०,५००. म्हणजे सुमारे ३,४०० पौंड. तुमचा आकडा २०० पौंडांनी कमी होता तो इथे.

विनिमय दराचंही तसंच. जानेवारी २०२४ मध्ये एका पौंडाला २०० च्या वर शिलिंग मिळत होते. एप्रिलपर्यंत शिलिंग इतका वधारला की तोच पौंड १६५ च्या आसपास आला. ज्या गटांनी 'दरमहा १०० पौंड' असा शब्द दिला होता त्यांच्या शाळेला तीन महिन्यांत जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी पैसे मिळाले, आणि बाईंना ते समजावून सांगायला कुणीच नव्हतं. म्हणून शब्द शिलिंगमध्ये द्या आणि पौंडांच्या अंदाजावर १० टक्के राखीव ठेवा. पैसे सत्र सुरू होण्याआधी तीन-तीन महिन्यांचे एकदम पाठवा. दर महिन्याला पाठवलं तर ठरावीक शुल्क बारा वेळा जातं, वर्षाचं एकदम पाठवलं तर देखरेख सुटते. 'शुल्क शून्य' म्हणणारी सेवा दरातून पैसे काढते, तेव्हा शुल्क बघू नका. ५०० पौंड दिल्यावर शाळेच्या खात्यात नेमके किती शिलिंग पडतील, एवढाच प्रश्न तीन ठिकाणी विचारा.

आणि पगार बारा महिन्यांचा हवा. केनियाचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोठी सुट्टी असते. या दोन महिन्यांचा पगार वाचवणारे गट आहेत. त्या काळात शिक्षिका पोटासाठी दुसरं काम धरते आणि जानेवारीत परत येईलच असं नाही.

वर्गखोलीला माझा विरोध नाही. शाळेला ती हवी असेलही. पण आधी हे विचारा की, जमीन कुणाच्या नावावर आहे? वस्त्यांतल्या अनेक शाळा ज्या जागेवर उभ्या असतात तिचे कागद शाळेकडे नसतात. २०२४ च्या पुरानंतर नैरोबीत नदीकाठची हजारो घरं सरकारने पाडली. अशा जागेवर तुमच्या पौंडांची भिंत उभी राहिली तर ती किती वर्षं राहील हे तुम्ही ठरवू शकत नाही. दुसरं, त्या खोलीत उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेचा पगार कोण देणार? नवी खोली म्हणजे चौथा पगार, बाकं, फळा आणि दर पावसाळ्यानंतरची डागडुजी. तिसरं, बांधणार कोण आणि तपासणार कोण? सप्टेंबर २०१९ मध्ये नैरोबीत एका शाळेचा कच्चा बांधलेला वर्ग सकाळी मुलं आत असताना कोसळला आणि मुलं दगावली. स्वस्तात बांधून घेतलेल्या खोलीत दुसऱ्याची मुलं बसणार आहेत, याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावरही येते.

तिन्ही उत्तरं समाधानकारक असली, सहा महिन्यांचे पगार बाजूला पडले असले, तर बांधा. काम मार्च ते मेच्या मोठ्या पावसात आणि ऑक्टोबर ते डिसेंबरच्या छोट्या पावसात काढू नका. पैसे टप्प्याने द्या: पाया झाल्यावर, भिंती झाल्यावर, छत झाल्यावर, दर वेळी फोटो आणि स्थानिक अभियंत्याची सही बघून. शेवटचे १० टक्के एक पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवा. पत्रा कुठे गळतो ते तेव्हाच कळतं.

खोक्यांचं मात्र मी स्पष्ट सांगते: पाठवू नका. जहाजाचं भाडं, मोंबासा बंदरातलं शुल्क, कागद अडकले तर दिवसागणिक गोदामभाडं आणि तिथून पुढे ट्रक, एवढं करून पोचणार काय, तर इंग्लंडच्या अभ्यासक्रमाची पुस्तकं. केनियातल्या शाळांना अभ्यासक्रम विकास संस्थेने मान्य केलेली पुस्तकं लागतात आणि ती तिथेच दुकानात मिळतात. खोकी इथेच विका, आलेल्या पैशातून शिक्षिकांनी यादी दिलेली पुस्तकं तिथे घ्या. गणवेश वस्तीतल्या शिंप्याकडून शिवून घ्या; कदाचित त्याचंच मूल त्या शाळेत असेल.

पुस्तकांबद्दलही थोडं थांबा. पश्चिम केनियातच काही शाळांना पाठ्यपुस्तकं मोफत देऊन अर्थशास्त्रज्ञांनी निकाल तपासले होते. फायदा फक्त आधीच हुशार असलेल्या मुलांना झाला. बाकीच्यांपैकी अनेकांना ती इंग्रजी पुस्तकं वाचताच येत नव्हती. त्याच भागातल्या बुसियामध्ये शाळेतून जंताची गोळी दिली तेव्हा गैरहजेरी सुमारे एक-चतुर्थांशाने घटली. हा अभ्यास करणाऱ्यांपैकी मायकेल क्रेमर यांना २०१९ साली नोबेल मिळालं. तुमच्या शाळेलाही हेच लागू पडेल असं नाही. पण 'शाळा म्हणजे पुस्तकं' असं आपण धरून चालतो, तेव्हा मुख्याध्यापिकांना विचारून खात्री करावी.

भिंती रंगवायला जाणाऱ्या दोघांना सांगा की ऑगस्टचा बराचसा महिना तिथल्या शाळांना सुट्टी असते. मुलंच नसतील. रंगारी तिथे मिळतो आणि त्याला कामाची गरज असते. दोघांची येण्याजाण्याची तिकिटं मिळून हजार पौंडांच्या वर सहज जातात, म्हणजे एका शिक्षिकेचा वर्षाचा पगार. तरी जायचंच असेल तर स्वतःच्या खर्चाने आणि शाळा चालू असताना जावं, पालक-समितीबरोबर बसावं, पगारपत्रक बघावं, वर्गात मागच्या बाकावर दोन दिवस नुसतं बसावं. मुलांबरोबर एकट्याने राहू नये. पालकांना विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत आणि काढलेल्या फोटोखाली मुलाचं नाव लिहू नये. कुणी 'एकेक मूल दत्तक घेऊ' म्हटलं तर टाळा. ज्या मुलाला पुरस्कर्ता मिळत नाही ते रोज शेजारच्या बाकाकडे बघत बसतं.

मग देणगीदारांना दाखवायचं काय? इथे एक चांगली गोष्ट आपल्याकडूनच तिकडे गेली आहे. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम' या शिक्षणसंस्थेने मुलाला खरंच वाचता येतं का हे तपासण्याची एक साधी पद्धत बसवली. त्याच धर्तीवर केनिया, टांझानिया आणि युगांडात 'उवेझो' नावाने घरोघरी पाहणी सुरू झाली. त्यासाठी एक कागद पुरतो: वर अक्षरं, मग शब्द, मग छोटा परिच्छेद, मग गोष्ट. मूल शिक्षिकेशेजारी बसतं, वाचत वाचत जिथे अडतं ती त्याची पायरी. एका मुलाला काही मिनिटं लागतात. सत्राच्या शेवटी शाळेने तुम्हाला एवढीच ओळ पाठवावी, उदाहरणार्थ: 'तिसरी, ३१ मुलं. अक्षरही नाही ३, अक्षर ६, शब्द ९, परिच्छेद ८, गोष्ट ५.' पुढच्या सत्रात त्याच ३१ मुलांची ओळ तिच्याखाली लिहा. शब्दांवरची चार मुलं परिच्छेदावर सरकलेली दिसली की दहा पौंड देणाऱ्याला कळतं की त्याच्या पैशाने काय झालं. आकडे पुढे सरकले नाहीत तरी तसंच छापा, आणि शिक्षिकांना दोष न देता विचारा की वर्गात किती मुलं आहेत, कोणत्या पायरीवरच्यांना वेगळा वेळ मिळतोय का.

आता थकव्याचं. पुढच्या वर्षी भोजन सोडून द्या. लोकांना ते हवंच असेल तर घरून डबे आणून करा आणि कमाईची अपेक्षा ठेवू नका. रॅफलची तिकिटं फक्त त्याच कार्यक्रमात विका. आधीपासून गावभर विकायची असतील तर स्थानिक कौन्सिलकडे नोंद लागते, ती ४० पौंडांना होते. पायी फेरी ठेवा, कारण ती सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त देते. त्या १,९०० पौंडांना हात न लावता राखीव निधी करा. तो सहा महिन्यांच्या पगाराला पुरतो, आणि एप्रिल-सप्टेंबरचा पेच पुन्हा पडणार नाही. चौदा जणांनी सगळं करण्याची गरज उरणार नाही. हिशोब एकाकडे, शाळेशी पत्रव्यवहार एकाकडे, देणगीदारांना सत्राची ओळ पाठवणं एकाकडे, फेरी दोघांकडे. बाकीच्यांनी दरमहा पैसे द्यावेत आणि सुखाने राहावं.

आणि थांबावंसं वाटलं तर? थांबता येतं. चार वर्षांत तुम्ही पुष्कळ केलंय. पण 'जमलं तर पाठवू' अशा स्थितीत शाळेला लटकत ठेवू नका, कारण ते थांबण्यापेक्षा वाईट आहे. बाईंना दुसरी नोकरी शोधायची की नाही हेच ठरवता येत नाही. थांबायचं तर पूर्ण एका शालेय वर्षाची लेखी सूचना द्या आणि त्या वर्षाचा पगार आधी बाजूला काढा. पुढे चालू ठेवायचं तर तीन वर्षांचा शब्द द्या आणि दरवर्षी एक पगार हळूहळू दुसऱ्या खांद्यावर कसा जाईल हे समितीबरोबर ठरवा. केनियात सगळ्यांनी मिळून शाळा उभारण्याची जुनी रीत आहे. तिला हरांबे म्हणतात आणि तो शब्द त्यांच्या राजमुद्रेवरही आहे. गरीब पालक पैसे देऊ शकले नाहीत तरी जेवणासाठी मका, सरपण, दुरुस्तीचे हात देतात. तिथे आधीच काय दिलं जातंय हे तुमच्या हिशोबात कुठेच नाही. ते विचारून घ्या आणि देणगीदारांनाही सांगा.

जानेवारीत त्यांचं नवं वर्ष सुरू होतं आणि मुख्याध्यापिका नोव्हेंबरमध्ये शिक्षिकांना शब्द देतात. त्यामुळे ऑक्टोबर संपण्याआधी त्यांना पत्र जायला हवं. वर्गखोलीचा विषय त्यात काढू नका. चार गोष्टी विचारा: तिघींचा कापायच्या आधीचा पगार किती, शाळेच्या नावाने खातं उघडायला काय अडचण आहे, जमिनीचे कागद कुणाकडे आहेत, आणि वर्षाला ५०० पौंड जास्त आले तर त्या सर्वात आधी कशावर खर्च करतील. चौथ्या प्रश्नाचं उत्तर आल्यावर बैठक बोलवा आणि ते उत्तर त्यांच्याच शब्दांत सगळ्यांना वाचून दाखवा.